तालीम कन्याकुमारीची

"लागलं तर?" असं म्हणून भाऊ कपाटाला पुन्हा कुलूप लावायचे आणि किल्ली शर्टाच्या आत, गळ्यातल्या दोऱ्याला सोडून द्यायचे. हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. माझं मशीन बंद पडलेलं असायचं, कपाटात बेअरिंग डोळ्यांना दिसत असायचं, पण ते शेवटचं. शेवटची वस्तू हा माणूस कोणाला देत नसे.

"दिलं आन् उद्या लागलं तर?"

"अहो भाऊ, आजच लागलंय!"

"आजचं सोड गा. उद्याचं बोल."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा नग असेलच. मालकापेक्षा मालाची काळजी जास्त. आम्ही कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या नकला करत घरी जायचो, आणि ते पुढच्या सीटवर बसून ऐकून घ्यायचे.

सत्तर सालानंतर कधीतरी या गृहस्थांनी एका बंद पडलेल्या बेकरीची पाव वाटायची गाडी विकत घेतली आणि सक्करदऱ्याला आपल्या अंगणात आणून उभी केली. आत दोन बाकं बसवली, स्टोव्हसाठी फळी ठोकली, खिडक्यांना पडदे लावले. टपावर दोन कोऱ्या सायकली बांधल्या. या गाडीतून नवराबायको कन्याकुमारीला जाणार होते. वाटेत गाडी झाडाखाली लावायची आणि आजूबाजूची गावं सायकलीवर पाहायची, असा बेत. बेत ऐकायला झकास होता, हे मीही कबूल करतो.

कन्याकुमारीचं वेड मुळात वहिनींचं. "मले समुद्र पाहाचा आहे भाऊजी, गुडघे धड आहेत तोवर," असं त्या मला दर भेटीत सांगायच्या. त्यासाठी पंचेचाळिशीत त्या सायकल शिकल्या. शेजारणीच्या मुलीची सायकल घेऊन, पदर खोचून, सकाळी सक्करदऱ्याच्या तलावाच्या काठाने. दोनदा पडल्या, पोरंटोरं हसली, तिसऱ्यांदा चालवायला लागल्या.

भाऊंची मात्र तयारीच संपेना. कधी पडदा आखूड, कधी झाकण घट्ट बसत नाही. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या वर्षी वहिनींनी अबोला धरला तेव्हा ते म्हणाले, "पहिले तालीम. शनिवारी निघू, रामटेकजवळ खिंडसीच्या तलावावर मुक्काम करू, रविवारी वापस. जमलं त मग कन्याकुमारी." साक्षीला मला बरोबर घेतलं. मी फुकटची करमणूक म्हणून गेलो.

कामठीला तर्रीपोह्यांचा वास आला. गाडी थांबेना.

"भाऊ, पोहे!"

"कन्याकुमारीच्या रस्त्यावर पोहे भेटन का? मग? तालीम म्हणजे तालीम."

पुढे पातेलं काढून चहा करायची वेळ आली तेव्हा काडेपेटी सापडेना. ती इतकी जपून ठेवली होती की कुठे ठेवली ते खुद्द भाऊंनाच आठवेना. शेजारच्या शेतातल्या माणसाकडून विस्तव आणला.

मनसर ओलांडलं आणि मागचं चाक बसलं. मी उतरलो, स्टेपनी काढायला लागलो. भाऊंनी माझा हात धरला.

"थांब. ते नवी आहे."

"म्हणूनच काढतोय."

"कन्याकुमारीसाठी घेतली आहे गा. तालमीत वापरली, आन् खऱ्या प्रवासात लागली तर?"

मी कपाळावर हात मारला. असा माणूस मी आजतागायत दुसरा पाहिलेला नाही. नवी स्टेपनी गाडीच्या पाठीवर, आणि गाडी रस्त्याच्या कडेला लंगडी! बसलेलं चाक त्यांनी पंक्चर काढून आणायला एका ट्रकवाल्याच्या हवाली केलं, आणि रात्र आम्ही तिथेच काढली. तलाव दोन-तीन कोसांवर होता.

रविवारी सकाळी चाकाचा पत्ता नव्हता. वहिनी म्हणाल्या, "अजी, सायकल काढा खाली. तलाव तरी पाहून येतो."

सायकलींना दुकानातला खाकी कागद अजून तसाच गुंडाळलेला होता. भाऊ म्हणाले, "कागद फाटन."

"फाटू द्या."

"रंग जाईन वं. कन्याकुमारीले जुन्या सायकली नेतो का?"

वहिनींनी माझ्याकडून दोऱ्या सोडवून घेतल्या, सायकल खाली उतरवली आणि कागद दोन्ही हातांनी टराटरा फाडला. मग पदर खोचला आणि निघाल्या. भाऊ कागदाचे तुकडे गोळा करत राहिले. मला त्यांची अजिबात दया आली नाही.

वहिनी दुपारी परतल्या. साडी पोटरीपर्यंत ओली, चेहरा उन्हाने लाल. "पाण्यात उभी राहिली होती," एवढंच म्हणाल्या. चाक आलं, आम्ही घरी आलो. दारात उतरताच भाऊ म्हणाले, "अजून एक तालीम लागन."

त्याच हिवाळ्यात मोहल्ल्यातल्या बायकांचं मंडळ रेल्वेने दक्षिणेत निघालं. माझी बायकोही होती. वहिनींनी नाव दिलं, नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. स्टेशनवर मात्र खिडकीतून म्हणाल्या, "अजी, चला नं. अजून वेळ आहे." भाऊ दोन पावलं मागे सरले. "गाडीकडे कोण पाहीन?" त्या अंगणातल्या पावाच्या गाडीकडे! माझ्या तोंडात सणसणीत उत्तर आलं होतं, पण तेवढ्यात शिट्टी झाली.

फलाट रिकामा झाला तरी भाऊ रुळांकडे पाहत उभेच होते.

"ते समुद्रात उतरन का गा?"

"उतरतील. त्या कशाला घाबरतात?"

"हो. तिले भेव नाही." मग ते म्हणाले, "मले गावाची वेस ओलांडली का भेव वाटते. लहानपणापासून. कोणाले सांगू?"

 इतका राग केला होता मी या माणसाचा, आणि आता त्याच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही तेच कळेना.

"वापस येईन नं ते?" त्यांनी विचारलं.

"येतील की," मी म्हणालो. पण गाडी हलल्यावर वहिनींनी खिडकीतून एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही दिसलं होतं.