केळीच्या काट्यावर अडकलेलं अ‍ॅप

मंडळी, आज पाचोऱ्याजवळच्या एका मळ्यात मी बनवलेलं अ‍ॅप सपशेल तोंडावर आपटलं.

केळी वजनकाट्यावर चढत होती. मुकादम नाना फोनमध्ये एकेक वजन टाकत होते आणि दर आकड्याला स्क्रीन अडकत होती. मीच हौसेने प्रत्येक रकाना एकूण वजनाशी, सरासरीशी, आलेखाशी जोडून ठेवला होता. एक आकडा टाकला की अख्खं पान नव्याने मांडलं जायचं.

ट्रक खोळंबला. नाना भडकले, "भाऊ, गाडी भरल्याशिवाय बठ्ठं वजन बघतंय कोण?" बठ्ठं, म्हणजे सगळं.

बांधावरच लॅपटॉप उघडला. जोडण्या तोडल्या, बेरीज शेवटच्या बटणावर ठेवली. अ‍ॅप पळायला लागलं.

तरी दुपारपासून चैन नाही. तो हलता आलेख नानांनी कधी मागितलाच नव्हता. तुम्ही बनवलेल्या अ‍ॅपमध्ये असं फक्त तुमच्या हौसेसाठी काय काय हलतंय?