फोटोखालचा नंबर

सरोवराकाठच्या म्बिता बंदरावर ओबुयाला सगळे वाऱ्याचा पोरगा म्हणतात. पोरगा कसला, पस्तिशी उलटलीय. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत बसून त्याने एक प्रोग्राम लिहिला. सरोवरावर वारा फिरणार असला, की तो नावाड्यांच्या फोनवर आमच्या लुओ बोलीत हाक मारतो. त्याचा कोड ओबुयाने उघडा ठेवला. कुणीही घ्यावा, सुधारावा, आपल्या पाण्यावर लावावा. पलीकडच्या किनाऱ्यावर, जिंजात, नाकितेंदे नावाची मुलगी त्यात भर घालते. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.

इंटरनेटवर प्रोग्रामचं पान होतं, त्यावर सगळं होतं, देणगीची लिंक तेवढी नव्हती. ज्या यंत्रावर हे चालतं, त्याचं भाडं तो टपरीच्या कमाईतून गुपचूप भरायचा. यंदा टपरीत गिऱ्हाईक नाही, तो माशा मारत बसला. भाडं थकलं, आणि महिनाअखेरीस हाक बंद पडणार हे ठरलं.

नाकितेंदेचा फोन आला. "दादा, लोक मला विचारतात, पैसे द्यायचे कुठे? लिंक का टाकत नाहीस?"

"दिलेली वस्तू दिली. तिच्यामागून हात पसरत जाऊ?"

"आणि बोटी? त्यांना काय सांगशील?"

ओबुयाने ते पान उघडलं.

"फोटो टाक स्वतःचा. लोक चेहरा बघून देतात."

बहिणीच्या लग्नात मागून घातलेल्या कोटातला एकच बरा फोटो होता. तो लावला, खाली 'हातभार लावा' लिहिलं आणि पैसे पाठवायला स्वतःचा फोन नंबर टाकला. चोरी केल्यासारखा तोंड लपवून झोपला.

आता आमच्याकडे कोटातला फोटो, खाली हातभार आणि नंबर, हे कधी फिरतं? माणूस गेल्यावर. पेटी, गाडी, पाहुण्यांचं जेवण, यासाठी. बंदरावर कुणीतरी ते पान पाहिलं आणि पुढे धाडलं. सूर्य डोक्यावर यायच्या आत टेकडीवरच्या त्याच्या घराकडे बाया रडत निघाल्या.

आई अंगणात ओमेना, ती बारकी मासळी, वाळत घालत होती. रड ऐकून तीही डोक्याचा रुमाल सावरून त्यांच्यात मिसळली. "कोण गं गेलं?"

"तुझाच की गं ओबुया!"

म्हातारी मासळीवरच कोसळली.

ओबुया मोटरसायकलवरून पोचला तेव्हा अंगण भरलं होतं. त्याला पाहून रडणं थांबलं. मग चुलता ओचोला काठी आपटत पुढे आला.

"मेला नाहीस ना? मग मागतोस कशाला?"

"वाऱ्यासाठी, काका."

"वाऱ्याला भाडं लागतं होय रे? उद्या उन्हाचंही मागशील!"

अंगण खदखदून हसलं. आई हसली नाही. ओमेनाचे खवले तिच्या गालाला चिकटले होते. ओबुयाला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं: यंत्र दुसऱ्याचं आहे, भाडं थकलंय, महिनाअखेरीस हाक बंद.

हसू विरलं. अदेरो पुढे आली. तिचा नवरा वाऱ्यात गेलेला, दोन्ही मुलगे बोटीवर. काखेत कोंबडी होती.

"आम्हाला वाटायचं, तुला कुठून तरी पगार येतो," ती म्हणाली. "सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली, मावशी."

"आणि हाक बंद पडली असती, तर माझ्या पोरांना काय सांगणार होतास? लाज वाटली म्हणून?"

तिने कोंबडी आईच्या पायाशी ठेवली.

"ने परत, मावशी. मी जिवंत आहे."

"मयताच्या नावाने उंबऱ्याबाहेर काढलेलं परत चुलीपाशी नेत नाहीत. वाऱ्याला दे."

मग एकेक जण पुढे आला. कोणी मका ठेवला, कोणी घडी घातलेली शिलिंगची नोट. ओचोलाने शिव्या देत ठेवली.

हाक चालू राहिली. ओबुयाने फोटो काढून टाकला, नंबर ठेवला. खाली लिहिलं, 'यंत्राच्या भाड्यासाठी. मी जिवंत आहे.' परगावची माणसं त्या ओळीला गंमत समजतात.

अदेरोच्या दारावरून जाताना मात्र तो अजून मोटरसायकलवरून उतरतो, आणि दार मागे पडेपर्यंत मान वर करत नाही.