कीर्तीचा हात

पनवेलच्या कोळीवाड्यात कीर्ती रस्त्यानं निघाली की आयांच्या कडेवरची पोरं या कडेवरून त्या कडेवर जायची. आया हे मुद्दाम करत नसत, हात आपोआप वळायचे. तिला कोणी वाईट बोलत नसे. उलट तिच्याशी बोलताना आवाज जरा जास्तच गोड व्हायचा. आणि पोर रडायचं थांबेना झालं की याच आया मागच्या दारानं तिच्याकडे यायच्या, पोराला पदराखाली झाकून, शेजारणीला कळू नये म्हणून. शेजारीण आदल्याच दिवशी येऊन गेलेली असायची! ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या आसपासची. कीर्ती तेव्हा विशीतली, सडपातळ, कमी बोलणारी, बाजारात आई हौसाच्या शेजारी बसून सुरमईचे तुकडे करणारी मुलगी. तिच्यात भिण्यासारखं काही म्हणता काही नव्हतं.

हे सगळं लहान मुलांच्या एका कार्टूनमुळे झालं, असं सांगितलं तर लोक हसतील. पण झालं ते तसंच.

कीर्ती बारा वर्षांची होती तेव्हाचं. रविवारी सकाळी हौसा वडाळे तळ्याजवळच्या एका इमारतीत मासळी द्यायला जायची. तिथे अविनाश नावाचे गृहस्थ राहायचे, रसायनीच्या एका कारखान्यात नोकरीला. त्यांची बायको पद्मजा पापलेटाचे कल्ले उचलून उचलून बघायची आणि भावावरून हौसाशी अर्धा तास हुज्जत घालायची. तेवढा वेळ कीर्ती उंबऱ्याशी उभी राहून आतल्या टीव्हीकडे टक लावून बघत असे. एके रविवारी त्यांची मुलगी आभा, कीर्तीच्याच वर्गातली, मागे न बघताच म्हणाली, "आत ये ना. तिथून अर्धंच दिसतं." त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली.

परदेशी कार्टून होतं, हिंदीत बोलणारं. डोंगरावर एक शाळा, तिथे लहान लहान मुली चेटूक शिकायला येतात. त्यातली रेवा धीट, झाडूवर बसून सुसाट उडणारी. दुसरी मिनू, सावलीला भिणारी, जिला साधा दिवासुद्धा मंत्रानं लावता येत नाही. रेवा तिला सांभाळून घ्यायची आणि दर रविवारी मिनू थोडी थोडी धीट होत जायची. आपण रेवा, हे आभानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. कीर्तीला कोणी विचारलं नाही. पण तिला मिनूच व्हायचं होतं. वर्गात बाईंनी नुसतं नाव पुकारलं तरी तिची बोबडी वळायची. टीव्हीतली मिनू हळूहळू बोलायला लागलेली पाहून तिला आतून बरं वाटायचं, आपलंही होईल असं.

एका भागात दोघी मैत्रिणींनी मैत्री पक्की केली. आपापली केसांची बट कापून एका लाल फळाबरोबर काळ्या कापडात बांधली आणि शाळेतल्या सर्वांत म्हाताऱ्या चेटकिणीच्या दारासमोर पुरली, म्हणजे ती म्हातारी राखण करते. झालं, आभाच्या डोक्यात ते शिरलं. म्हातारी चेटकीण कुठून आणायची, हा प्रश्न नव्हताच. ती कोळीवाड्यात होती.

गुणाबाई वाड्याच्या अगदी टोकाला, खाडीच्या कडेला एकटी राहायची. नवरा काशीराम दर्यावर गेला तो परतला नाही. एका डोळ्यात फूल पडलेलं. बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालायची, कोणाकडे जायची नाही, कोणी तिच्याकडे जायचं नाही. ओहोटी लागली की ती चिखलाच्या कडेला उभी राहून हळू आवाजात कोणाशी तरी बोलायची. पाणी गेलेलं असायचं, माणूस दिसायचा नाही, आणि बाई मात्र मधेच थांबायची, समोरच्यानं उत्तर द्यावं म्हणून थांबतात तशी. कीर्तीनं ते एकदा जवळून ऐकलं होतं आणि घरापर्यंत धावत आली होती. आभाला सांगितलं तर आभाचे डोळे चमकले.

लाल फळ म्हणजे सफरचंद. ते कीर्तीनं आजारी माणसाच्या उशाशी सोडून कुठे पाहिलं नव्हतं. तेव्हा तिनं घरातून लिंबू आणलं, लाल हवं म्हणून त्याला कुंकू फासलं, आणि दोघींच्या बटा आईच्या जुन्या काळ्या कापडात गुंडाळून लाल दोऱ्यानं बांधल्या. आभाला त्यात काही वावगं दिसलं नाही, ती बिचारी इमारतीत वाढलेली. पण कीर्तीला कळायला हवं होतं. कोळ्याच्या घरात जन्मून लिंबू, कुंकू, केस आणि काळं कापड एकत्र बांधताना तिचा हात थरथरला नाही, कारण तिच्यासमोर त्या वेळी रेवा आणि मिनू होत्या, दुसरं काही नव्हतं. एका दुपारी दोघींनी ते गुणाबाईच्या घराजवळच्या वाटेत पुरलं. पलीकडे घर जीवनचं. त्याची बायको तेव्हा सहा महिन्यांच्या पोराला अंगणात न्हाऊ घालत होती, दोघींकडे बघून हसलीसुद्धा.

काही दिवसांनी ते पोर आजारी पडलं. ताप तर होताच, पण त्याहून वाईट म्हणजे ते रडेना. डोळे उघडे, छपराकडे लागलेले, आणि आवाज नाही. दूध तोंडात घातलं तर ओठांच्या कडेनं बाहेर. बायका बघायला जायच्या आणि न बोलता परत यायच्या. त्या दिवसांत वाडाच गप्प झाला. जाळी विणताना कोणी गाणं म्हणेना. ओहोटीच्या वेळी चिखलातून येणारा बारीक चुटचुट आवाज एरवी कोणाच्या कानात शिरत नाही, तो आता घराघरांत ऐकू यायला लागला. आणि मग एका कुत्र्यानं वाटेतली माती उकरून ती काळी पुडी जीवनच्या दारात आणून टाकली.

कोणी त्या पुडीला हात लावला नाही. आपटा गावाच्या पलीकडून भगत बोलावला. त्यानं काठीनं ती पुडी सुपात ओढली, वर तांदूळ टाकले, बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, करणी आहे, करणारी बाईमाणूस आहे, एकटी आहे, पाण्याजवळ राहते. भगत नाव कधी घेत नाही, ते काम ऐकणाऱ्यांचं असतं. सगळ्या माना टोकाच्या घराकडे वळल्या. रविवारच्या दुपारपर्यंत गुणाबाईनं वाडा सोडायचा, नाही सोडला तर घराचं छप्पर उतरवायचं, असं ठरलं. गुणाबाईनं ऐकून घेतलं आणि वाळलेले बोंबील काढायला लागली. जाणार कुठे, हे तिला कोणी विचारलं नाही.

कीर्तीच्या तोंडचं पाणी पळालं. शनिवारी शाळेत तिनं आभाला सगळं सांगितलं. बोलायला तर हवं, पण मी एकटी बोलले तर माझा आवाजच फुटणार नाही, तू नुसती शेजारी उभी राहा, एवढंच तिचं मागणं होतं. आभानं तिचा हात धरला आणि शब्द दिला. मिनूवर आळ आला होता तेव्हा रेवा तिच्या शेजारी उभी राहिलीच होती की!

रविवारी भर दुपारी वाड्यातली माणसं देवळासमोर जमली. ऊन असं की सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. गुणाबाई गाठोडं घेऊन एका बाजूला बसली होती, जीवनची बायको पोराला मांडीवर घेऊन दुसऱ्या बाजूला. कीर्ती आईच्या मागे उभी राहून रस्त्याकडे बघत होती. आणि आभा आली. गल्लीच्या तोंडाशी तिचा निळा फ्रॉक दिसला. ती थांबली, जमलेल्या माणसांकडे पाहिलं, सुपातल्या पुडीकडे पाहिलं. दोघींची नजरानजर झाली. मग निळा फ्रॉक भिंतीआड गेला. बारा वर्षांच्या मुलीला दोष काय देणार? पण कीर्तीला त्या क्षणी जे तुटल्यासारखं वाटलं ते पुढे कधी जुळलं नाही.

दोन माणसं उठून गुणाबाईच्या घराकडे निघाली. तेव्हा कीर्ती आईला बाजूला सारून पुढे आली.

"ती पुडी मी पुरलीय," ती म्हणाली. "गुणामावशीचा काय संबंद नाय."

हौसानं तिचा दंड धरला, पण भगतानं हात वर केला. केस कोणाचे, त्यानं विचारलं. माझेच, सगळे माझे, कीर्ती म्हणाली. आभाचं नाव तिनं गिळलं. मग ते कशासाठी, हे तिला सांगता येईना, कारण मैत्रीचं सांगायचं तर मैत्रीण कोण हे आलंच. ती गप्प राहिली आणि तिचं गप्प राहणं लोकांना वेगळंच वाटायला लागलं.

"कोनी शिकवला तुला?" भगतानं विचारलं.

"टीवीवर बगला."

तिला वाटलं, आता सगळे हसतील. डोक्यात चपराक बसेल आणि विषय संपेल. पण कोणी हसलं नाही. हाच वाडा रविवारी आंघोळ करून टीव्हीपुढे हात जोडून बसायचा. देव आले की बायका पडद्याला हळदकुंकू वाहायच्या. ज्या पेटीतून देव दिसतात त्या पेटीतून हेही येऊ शकतं, हे कोणालाच खोटं वाटलं नाही. माणसं मागे सरकली आणि कीर्तीभोवती मोकळी जागा झाली.

भगतानं सांगितलं, ज्या हातानं बांधलं त्याच हातानं सोडायचं. जीवनच्या बायकोनं पोर पुढे केलं. कीर्तीला मंत्र कुठला यायला! घाबरून तिच्या तोंडी मिनू म्हणायची ते चार हिंदी शब्द आले. ते पुटपुटत तिनं पोराच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तापलेलं होतं. आभाळाकडे लागलेले उघडे डोळे हळूहळू खाली आले आणि तिच्यावर थांबले. मग ते पोर रडलं. मोठ्यानं, तोंड वासून, श्वास लागेपर्यंत रडलं. आईला पान्हा फुटला, बायका रडायला लागल्या, आणि कीर्तीच्या मात्र अंगावर काटा उभा राहिला. आपण खेळत होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं हात मागे घेतला तो दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा वाटला.

त्या दिवशी सकाळी जीवननं पोराला गावातल्या डॉक्टरकडे नेऊन सुई टोचून आणली होती. पण सुईचं नाव पुढे कोणी घेतलं नाही, जीवननंसुद्धा नाही.

गुणाबाईचं घर राहिलं. दोन दिवसांनी ती कीर्तीच्या दारात आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच कोणाच्या दारात आली असेल. चांगल्या डोळ्यानं तिनं कीर्तीकडे निरखून पाहिलं. तिला वाईट वाटत होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"माजी जागा तू घेतलीस गो पोरी," ती म्हणाली. "ही जागा रिकामी नाय ऱ्हात."

तसंच झालं. गुणाबाईशी बायका दोन शब्द बोलायला लागल्या, हळदीकुंकवाला नाही तरी पापड लाटायला तिला बोलावू लागल्या. आणि कीर्तीच्या भोवतीची ती मोकळी जागा तिच्याबरोबर फिरायला लागली. पद्मजाबाईंनी मासळी दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. वर्षभरात आभाचे वडील बदली होऊन पुण्याला गेले. कीर्तीचं लग्न कुठे जमेना. उरणपर्यंत तिचं नाव पोचलेलं. पण ती भित्री राहिली नव्हती, एवढं मात्र खरं. लोकांच्या नजरेला नजर देऊन बोलायची, आयांना आधी डॉक्टरकडे पिटाळायची आणि मगच हात फिरवायची. पोरं बरी व्हायची ती कशानं, हे तिनं सांगून पाहिलं, मग सांगायचं सोडलं. तिची एकच इच्छा उरली होती. तो खेळ होता, हे जगात आणखी एकीला माहीत होतं. तिनं एकदा यावं आणि चार माणसांत तेवढं बोलावं. त्यासाठी कीर्ती वाट बघायची. कारण अलीकडे हात ठेवल्यावर पोर शांत झालं की तिची स्वतःचीच खात्री डळमळायची.

आणि आभा आली. श्रावणातल्या एका दुपारी दारापुढे रिक्षा थांबली. नवरा सत्यजीत रिक्षाजवळच राहिला आणि आभा आत आली, अंगानं सुटलेली, डोळ्यांखाली काळं, कडेवर मुलगी. कीर्तीला इतका आनंद झाला की तिला आधी काही सुचेना. तिनं चटई टाकली, चहा ठेवला. शेजारणी दाराशी घुटमळायला लागल्या होत्या. बरंच झालं, कीर्तीच्या मनात आलं, ऐकू देत सगळ्यांना.

आभा मुलीविषयी बोलत राहिली. रात्र रात्र रडते, अंग धरत नाही, पुण्यातले मोठमोठे डॉक्टर झाले, औषधं चालू आहेत. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई म्हणाली, एकदा कीर्तीकडे घेऊन जा."

कीर्तीचा हात कपाकडे जाता जाता थांबला.

"आभा," ती म्हणाली, "तो खेळ होता. तुला तरी म्हाईत हाय ना?"

आभानं दाराशी उभ्या बायकांकडे पाहिलं, मग खाली.

"हो गं, माहीत आहे," ती म्हणाली. "पण फिरव ना एकदा हात. प्लीज."

कीर्तीनं औषधं बंद करू नकोस एवढं सांगितलं. हात धुतले, पुसले आणि मुलीला मांडीवर घेतलं. मुलगी रडत होती. कीर्तीनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि ती गप्प झाली, वर बघत राहिली. दाराशी कोणीतरी सुस्कारा सोडला. आभाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. देव तुझं भलं करो, असं काहीतरी ती म्हणत होती.

मग तिनं मुलीला परत घेतलं, आणि घेताना कीर्तीच्या बोटांना आपली बोटं लागणार नाहीत याची काळजी घेतली.