लोरेनच्या गाऊनचे हूक

लोरेन गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच चिडून बसले होते. आदल्या संध्याकाळी तिनं माझा वरणाचा डबा न विसळता परत केला होता, त्यावरून आमचं वाजलंही होतं, आणि आता जाऊन तिला आणखी चार शब्द सुनावायचे, असं मी ठरवत होते. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. पण बातमी कशी आली बघा… सकाळी येणाऱ्या नर्सनं ओहायोला तिच्या भाचीला, मेगनला कळवलं आणि मेगननं मला. "आंट लोरेन झोपेतच गेली," ती म्हणाली. मी म्हटलं, "असं कसं? काल तर भांडलो आम्ही!" काय बोलून जातो माणूस. ती पोर रडता रडता हसली.

इथे अमेरिकेत, आयसेलिनला आल्यापासून मी ओक ट्री रोडवरच्या दुकानांसाठी ब्लाउज शिवते. कुणाकडे शिकले नाही. एक जुना ब्लाउज उसवून कसा जोडलाय ते पाहिलं, एवढंच माझं शिक्षण. मशीनचा आवाज ऐकून एक दिवस ही शेजारीण दारात उभी. ऐंशीला टेकलेली, ओठ लालभडक, हातात हिरवागार सॅटिनचा गाऊन. "हनी, हा दोन बोटं सैल करून दे." गाऊनच्या डाव्या बाजूला काखेपासून पार मांडीपर्यंत हूकच हूक. एवढे कशाला, असं विचारलं तर म्हणते, "काढायला!" तेव्हा कळलं, बाई तरुणपणापासून बर्लेस्क करायच्या. म्हणजे गाण्याच्या तालावर, थट्टामस्करी करत, एकेक कपडा उतरवायचा नाच. सगळं उतरवत नाहीत हो, वाचणाऱ्या मैत्रिणींनी घाबरू नये. आपल्याकडे बैठकीच्या लावणीत बाई नुसत्या नजरेनं अख्खी बैठक हलवते, तसंच काहीसं. तिचं स्टेजवरचं नाव मात्र मी इथे लिहीत नाही, संपादकांची पंचाईत होईल.

गेल्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, मेरिलँडकडच्या समुद्रकाठच्या एका गावात बर्लेस्कचा फेस्टिव्हल होता. जुन्या नर्तकींना तिथे मानानं बोलावतात. लोरेनचं लायसन्स डोळ्यांपायी गेलेलं, म्हणून ड्रायव्हर मी. माझा मुलगा म्हणाला, "आई, कुठे चाललीयेस ते तुला कळतंय का?" मी म्हटलं, "कळतंय. तू ड्राइव्ह करतोस का? नाही ना? मग गप्प बस."

रस्ताभर तिनं मला पिडलं. मागच्या सीटवर पिसांचे दोन पंखे असे पसरून ठेवले की आरशात पिसांशिवाय काही दिसेना. दर रेस्ट एरियाला थांबायचं. मी केलेल्या दशम्या बघून आधी नाक मुरडलं, आणि वाटेतला मोठा पूल ओलांडेपर्यंत डबा रिकामा. माझ्यासाठी एक ठेवली असेल तर शपथ! पण खरी भांडणं हूकांवरून. संधिवातानं तिची बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी वाकडी झालेली. लोणच्याची बरणी मी उघडून द्यायची, औषधाची बाटली मी, कोटाची चेनसुद्धा मी लावायची. मी महिनाभर मागे लागले होते, "अगं बाई, टिचबटणं लावून देते. ओढलं की सुटलं. कुणाला कळतंय?"

"ओढलं की सुटलं," ती म्हणाली, "तर मग लोकांनी बघायचं काय?"

हॉटेलात गेल्यावर पलंगावर बसून ती गाऊन घालायची आणि हूक काढायची तालीम करत होती. तिसऱ्याशी अडली. मी मदतीला हात पुढे केला तर फटकन मारला हातावर. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुमन, आता सगळं दुसरंच कुणीतरी करतं माझं. नर्स आंघोळ घालते. तू बरणी उघडतेस. एवढं एक मला माझ्या हातानं करायचंय. एकदाच." मी हात मागे घेतला. पण टिचबटणांची पुडी पर्समध्ये ठेवली होती, ती मी काढून टाकली नाही हेही खरं. हट्टी माणसाबरोबर राहून आपणही हट्टी होतो.

नाचणारीनं टाकलेले कपडे नंतर स्टेजवरून उचलायला तिथे एक माणूस असतो. ते काम बाईसाहेबांनी परस्पर माझ्या गळ्यात घातलेलं. "तुला सवय आहे," म्हणे. आहेच! आयुष्यभर नवऱ्याचे, मुलाचे, नातवाचे जमिनीवरचे कपडेच उचलतेय. तर मी सुती साडी, स्वेटर आणि स्नीकर्स घालून पडद्याआड उभी. लोरेन आली. चालणं सावकाश, पण मान अशी की पोरीसोरी बघत राहिल्या. एक मोजा गेला, दुसरा गेला. पहिला हूक सुटला, दुसरा सुटला… आणि तिसरा अडला. गाणं संपत आलं. बोटं नुसती सॅटिनवर घसरत होती. मी एक पाऊल पुढे टाकलं, तोच तिनं मान न वळवता माझ्या दिशेनं एक बोट उचललं. थांब! मग काय केलं असेल? खुर्चीत बसली. बोटांवर फुंकर मारली. पहिल्या रांगेतल्या एका टकल्या गृहस्थाकडे बघून सुस्कारा सोडला, जणू सगळी चूक त्याचीच. लोक खो खो हसायला लागले. वाजवणाऱ्यांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. ती परत उठली, परत हूक धरला, परत अडली, परत फुंकर… किती वेळ गेला देव जाणे. आणि सुटला! अख्खं सभागृह उभं राहिलं. त्यानंतरचे सगळे तिनं असे काढले, जणू शेंगा सोलतेय.

मी डोळे पुसत कपडे उचलायला गेले. गाऊन हातात आल्यावर सवयीनं झटकला, काठाला काठ लावला आणि तिथेच घडी करायला लागले. मोज्यांची जोडी जुळवली. लोक परत हसून टाळ्या वाजवायला लागले, मला वाटलं तिलाच.

"माझ्या टाळ्या खाल्ल्यास तू!" आत आल्यावर ती माझ्यावर ओरडली.

"मग चुरगळू द्यायचा होता? इस्त्री कोण करतं?"

परतीच्या वाटेवर पहिल्या रेस्ट एरियापर्यंत अबोला. मग तिला डोनट हवा झाला.

मेगन माझ्याकडे आली ती लोरेनच्या कपाटातला तोच हिरवा गाऊन घेऊन. लोरेननं तिला सांगून ठेवलं होतं, जाताना हाच. आम्ही दोघी फ्युनरल होममध्ये गेलो, इथे अंत्यविधीची सगळी तयारी तिथेच करतात. काळ्या सुटातला माणूस फार अदबीनं बोलत होता. म्हणाला, "मॅम, अंगावर चढवायला सोपं पडावं म्हणून आम्ही कपडा मागून कापतो. कुणाला दिसत नाही." मी म्हटलं, "दिसत नाही म्हणून कापायचा? तो बाजूनं उघडतो. कातरी ठेवा तुमची." मेगननं माझा दंड दाबला, पण तिचीही मान हललीच. त्यानं लोरेनला कुशीवर धरलं आणि मी खालून हूक लावायला सुरुवात केली. माझीही बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत. तो घड्याळाकडे बघत नव्हता, पण बघावंसं वाटत असणार. मी घाई केली नाही. वर काखेपाशी पोचले तर शेवटचा हूक एका टाक्यावर लोंबत होता. कधीचा उसवलेला कोण जाणे. बाईनं मला दाखवला नाही, कारण दाखवला असता तर मी तिथे टिचबटण लावलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि त्या दिवशी नेमका माझ्या पर्समध्ये सुई-दोरा नव्हता. मी तो तसाच अडकवला आणि वरून तिचा हात ठेवला. इतके आठवडे झाले, ब्लाउजला हूक लावायला बसले की पहिल्यांदा तोच आठवतो आणि मी चिडते. अगं, एक टाका तर घालायचा होता… भिंतीपलीकडेच तर होते मी.