पाणीखोलीच्या भिंतीतलं भोक

"खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, मॅडम."

संस्थेचे अध्यक्ष हसत बोलले. सगळ्या स्टाफसमोर. हातात माझा कागद.

देवळ्याकडचं आमचं हायस्कूल. जुन्या इमारतीची डागडुजी झाली होती, दर्शनी भिंतीवर माहितीफलक लागणार होता. मी तिथे इतिहास शिकवते. याच शाळेत शिकले, घरातली पहिली पदवीधर. मजकूर लिहायला मलाच सांगितलं. लिहिला. काळा दगड, चुन्याची जोडणी, पुढच्या कमानी, सागाच्या तुळया. आणि पाणीखोलीच्या भिंतीतलं भोक. आत माठाचा कट्टा, बाहेर दगडी पन्हळ, पोराच्या छातीइतकी उंच. पूर्वी आतून सवर्णांचा पोरगा पाणी ओतायचा. बाहेर आमची पोरं ओंजळ धरायची. माठाला हात लावायची आम्हाला बंदी.

अध्यक्षांनी नेमक्या त्याच ओळींवर पेन मारलं. "पावसाच्या पाण्याची पन्हळ आहे ती."

"खोलीच्या आत कुठला पाऊस पडतो, सर?"

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांचं हसू गेलं.

"तुम्हाला शहाणं कुणी केलं? याच शाळेनं ना? सवलतीत शिकलात. मग जपून बोला."

सगळे चहाच्या कपात बघत बसले. आमच्यातलेच क्लार्क भाऊ नंतर जिन्याखाली भेटले. "ताई, बरोबर आहे तुमचं. पण माझी चारच वर्षं राहिलीत."

घरी बाबांना सांगितलं. बाबाही त्याच शाळेत होते, आठवीत शाळा सुटली. ते सांगू लागले.

"आतला पोरगा मुद्दाम तोंडावर वतायचा. बाकीचे लय हसायचे. मंग मी प्यायचंच सोडलं. घरून पिऊन जायचो, घरी येऊन प्यायचो." मग म्हणाले, "जाऊ दे, बाई. तुझी नोकरी हाय."

बाबा आजही कुणाच्या दारात पाणी मागत नाहीत. उन्हात ओठ सुकले तरी नाही. एवढी वर्षं मी त्याला स्वभाव समजत होते.

दुसऱ्या दिवशी नववी अ उठवली. त्या भिंतीमागे नेली. टेप दिला, मापं घ्या म्हटलं. एका मुलीनं पन्हळीत बोट फिरवलं.

"उतार बाहेर आहे, मॅडम. म्हणजे पिणारा इथे उभा राहायचा?"

"हो. माझे वडील."

नोकरी लागल्यापासून शाळेत हे पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

फलक लागला. त्या ओळींशिवाय. खाली 'संकलन' म्हणून माझं नाव. ते काढा, असा अर्ज दिला. आता डब्याला माझ्या बाकावर कुणी बसत नाही. मी जवळ गेले की बोलणं थांबतं.

काल मेमो आला. अभ्यासक्रमाबाहेरचे शिकवल्याबद्दल लेखी खुलासा करावा.

खुलासा दोन ओळींचा दिला.

'नववी अ भिंतीपाशी नेली, हे खरे आहे. सोमवारी नववी ब नेणार आहे.'