मनोऱ्याचा खालचा कप्पा

चेअरमन जीपमधून उतरले आणि मनोऱ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ठेकेदार, ह्यो पाड. पिचिंगचा दगड आयता हाय."

पिचिंग म्हणजे तलावाच्या भरावाला पाण्याच्या अंगानं दगड बसवणं. ते नसलं तर माती धुपते. बहात्तरच्या दुष्काळात केजजवळ आमच्या सहकारी सोसायटीनं पाझर तलाव घेतला होता. भराव झाला होता, दगड नव्हता, आणि पावसाआधी काम संपवायची जबाबदारी माझी.

मनोरा जुना, दगडी, कोणाची तरी समाधी. कळप परगावी निघाला की धनगर त्याला मेंढरांची फेरी घालत. त्यातले म्हातारे धोंडिबामामा काठी आडवी धरून उभे राहिले.

"आमचा हाय. हात लावू देणार न्हाई."

"तुमचा कावून?" चेअरमननी दर्शनी कोरीव दगडावर हात मारला. "पिंड अन् पूजा करणारा माणूस. कोणी बुवा असंल. बुवाला कोण वारस?"

मी खाणीत दगड फोडत मोठा झालो. तो दगड वीरगळ होता, म्हणजे लढून मेलेल्याचं स्मारक. त्यावरचे एकावर एक कोरलेले कप्पे खालून वर वाचतात. तळाला मरण, मधे अप्सरा त्याला नेतात, वर तो कैलासात पूजा करतो. इथं खालचे कप्पे मातीत गेले होते. चेअरमन नुसता शेवट वाचून गोष्ट सांगत होते.

"आबा, हे अर्धंच हाय. खणून बघू," मी चेअरमनना म्हणालो.

"तू ठेकेदार हायस का मास्तर बे?"

माझं डोकं फिरलं. पहार घेतली आणि स्वतःच माती काढली. तळाला गाईंचा कळप निघाला, दोन घोडेस्वार निघाले आणि त्यांना अडवणारा एकटा माणूस. त्याच्या डोक्यावर धनगराची असते तशी घोंगडीची खोळ.

"बघा! आमचाच," मामा म्हणाले.

"पण मामा, तुमची तर मेंढरं. ह्या गाई कोणाच्या?"

कामावरची गंगूबाई पुढं आली. घरची जमीन बरी, पण त्या साली तीही पाटी उचलत होती.

"गाई आमच्या, गावच्या. आमच्या गुरांपायी मेला म्हना की ह्यो." तिनं पाटी पालथी घातली. "ह्याचा दगड म्या डोक्यावर घेनार न्हाई."

मग बाकीच्या बायांचीही एकेक पाटी पालथी पडली.

"भराव वाहून गेला तर तुझ्यावर ढकलीन," चेअरमन मला म्हणाले.

"मग तुमच्या टेकडीचा दगड द्या. हाकेवर हाय."

"ती खडीसाठी ठेवली हाय."

"खडी पावसानंतरबी फुटते, आबा. भराव फुटला तर दगड कोणी दिला न्हाई, हे मी सोसायटीत लई मोठ्यानं सांगीन."

त्यांनी सगळ्या बायांकडं एकदा बघितलं. "ने," म्हणाले. "पण वरचा मुरूम सोडून."

पिचिंग पावसाआधी बसलं. मनोरा उभा आहे. उद्घाटनाच्या भाषणात चेअरमननी तो आपणच वाचवल्याचं सांगितलं, आणि पुढचा तलाव मेहुण्याला दिला. त्याचं पिचिंग दुसऱ्याच पावसात घसरलं, पण ते का घसरलं हे विचारायला मला कोणी बोलावलं नाही.

तेव्हापासून माझा नियम: मोठ्या माणसाकडं दगड मागायचा तर चार माणसांसमोर मागावा, आणि त्याच वेळी पुढचं कामही मागून घ्यावं.