पुरण्याची पद्धत

विज्ञानावर लिहायला लागले तेव्हा वाटलं, सगळ्यात जास्त शंका मलाच. बाळाला शिंक आली तरी डॉक्टरांना फोन लावणारी बाई मी, लोकांना काय समजावणार? पण शिरूरच्या एका छोट्या वेबसाइटला दौंडहून लेख पाठवत गेले आणि लेखांपेक्षा किस्सेच जास्त साठले.

*

पहिला लेख, दही कसं लागतं. त्यावर एकच कमेंट: "ताई, विरजण कुठं मिळंल?"

मी लिहिलं, "शेजारी."

आजवर सर्वांत जास्त लाइक त्या एका शब्दाला आहेत.

*

संपादक सरांना हेडिंगमध्ये 'थक्क व्हाल' लागतंच. त्यांनी छापलं, 'गांडुळाला डोळे नसतात! पाहून थक्क व्हाल!'

"सर, पाहून कोण थक्क होणार, गांडूळ?"

"मॅडम, क्लिक गांडूळ करत न्हाई."

*

मग इनामगाववर लिहिलं. हजारो वर्षांपूर्वी घोड नदीकाठच्या त्या गावात तान्हं बाळ गेलं, की दोन मडक्यांची तोंडं जुळवून त्यात ठेवायचे आणि राहत्या घरातच जमिनीखाली पुरायचे. माझं पोरगं मांडीवर झोपलेलं. दर दोन ओळींनी त्याच्या नाकाशी बोट धरत लिहिलं.

हेडिंग दिलं, 'इनामगावची पुरण्याची पद्धत'. डिझायनर मॅडमनी घाईत 'पुरणाची' वाचलं आणि वर पुरणपोळीचा फोटो लावला, तुपाच्या धारेसकट.

फोटो हटवेपर्यंत एकीनं विचारलंही, "कटाच्या आमटीचं पण टाका ना."

*

सासूबाई म्हणाल्या, "तान्हं लेकरू घरात आन् तू असलं अभद्र लिहितीस?"

"आई, नाही लिहिलं तरी भीती वाटतेच की."

"वाच बरं मग."

वाचून दाखवलं. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत नीट.

*

पोळी गेली, तर सरांनी हेडिंग केलं, 'शापित आयांचं गाव'. पोरगं कडेवर, म्हणून फोन स्पीकरवर लावला.

"सर, लेखात शाप कुठंच नाही. तो शब्द काढा, नाहीतर माझं नाव काढा."

"नाव काढू की मॅडम. लोकांना शापच लागतो."

सासूबाईंनी फोन हातात घेतला.

"ओ साहेब, शाप कशाचा? लेकरू काय बाहेर गारठ्यात ठिवत्यात व्हय? तो शब्द काढा आधी."

"कोण बोलतंय?"

"त्यातलीच एक आई."